तक्त्यात हरवलेली लेक

माझी लेक तीन वर्षांपासून हरवलेली आहे. रोज सकाळी ती माझ्यासमोर बसून चहा पिते, डबा भरून स्कूटीवर शाळेत शिकवायला जाते, येताना बाजारातून मेथीची जुडी आणते. पण कागदोपत्री ती हरवली आहे. वैद्यकीय संशोधनात या अवस्थेला नाव आहे, 'लॉस्ट टू फॉलो-अप'. शस्त्रक्रिया झाली, पुढच्या तपासणीला रुग्ण आला नाही, की तक्त्याखाली बारीक अक्षरात एक आकडा पडतो आणि पेपर पुढे सरकतो. त्या आकड्यात कोण कोण असतं, हे मला अंजनगाव सुर्जीत माझ्या ओसरीवर बसून सांगता येतं.

मी इथल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. डोळ्यांचं शास्त्र मला कळत नाही. ड्युई वर्गीकरणात नेत्रविज्ञानाचा क्रमांक ६१७.७. त्या कप्प्यात माझ्या उभ्या नोकरीत तीन पुस्तकं आली, त्यातलं एक वाळवीनं नेलं. पण कागद मोजणं, लावणं आणि कुठला कागद कप्प्यात नाही ते ओळखणं, हा माझा धंदा. त्याच जोरावर लिहितो आहे.

लेकीला उणे साडेचारचा चष्मा होता. स्थळं यायला लागली तशी घरातल्या बायका म्हणाल्या, पाहुण्यांपुढे चष्मा काढून जा. एकदा पाहुणे गेल्यावर मी सहज विचारलं, "कसा वाटला मुलगा?" ती म्हणाली, "बाबा, दिसला असता तं सांगतलं असतं." सगळे पोट धरून हसले. मला मात्र रात्री झोप आली नाही. दोन महिन्यांनी आम्ही लेझर करायचं ठरवलं.

हॉस्पिटल मोठ्या शहरातलं, चकाचक. कोणतं ते सांगत नाही, कारण ही एकट्या कुणाची गोष्ट नाही. संमतीपत्र सहा पानी, इंग्रजीत, शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी हातात पडलं. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या होत्या. इंग्रजांच्या कागदावर सही करण्याचा आमच्या गावाला जुना इतिहास आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी आर्थर वेलस्लीबरोबर तह केला तो इथंच. दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, सगळं त्या कागदावर गेलं. निदान त्या वकिलांनी तो वाचून, घासाघीस करून सही केली होती. आम्ही चार मिनिटांत मोकळे झालो. "काही दिवस डोळे कोरडे वाटतील, ड्रॉप्स टाकत राहा," एवढं तोंडी कानावर आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. परतीच्या प्रवासात ट्रॅव्हल्सच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत आली. ते सुख खरं होतं आणि आजही आहे. मी ते नाकारत नाही.

मग उन्हाळा आला. "बाबा, डोयात रेती गेल्यासारखं वाटते." दुपारी वह्या तपासताना अक्षर मधेच पुसट व्हायचं, पापणी दोनदा मिटली की पुन्हा ठळक. सरकी नेणाऱ्या ट्रकमागे स्कूटी आली की डोळ्यांतून पाण्याच्या धारा. कोरड्या डोळ्याला पाणी येतं हे आम्हाला नवीनच होतं. पहिल्या दिवसाची, आठवड्याची, महिन्याची तपासणी झाली होती. तिसऱ्या महिन्याला जायचं म्हणजे शाळेचा खाडा, दोघांचं भाडं, एक आख्खा दिवस. दिसतंय तर चांगलं, मग कशाला? आम्ही गेलो नाही. हॉस्पिटलकडून मोबाइलवर संदेश आला, आमच्या सेवेला किती तारे द्याल? तिनं पाच दिले. तारे नजरेसाठी होते. कोरडेपणासाठी रकानाच नव्हता.

निवृत्त ग्रंथपालाला दुसरं काय सुचणार? मी वाचायला बसलो. अखिल भारतीय नेत्रतज्ज्ञ संघटनेचं १९५३ पासून निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी' फुकट वाचायला मिळतं, तिथून सुरुवात केली. वाचता वाचता माझ्याच गल्लीतला प्रकार भेटला. चष्मा घालवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतरच्या कोरड्या डोळ्यावर किती पेपर निघाले, कोणत्या देशातून, कोणत्या वर्षी, कोणत्या शब्दांभोवती, यावरच लिहिलेले पेपर! आमच्या शास्त्रात याला ग्रंथमिती म्हणतात. तिचं बीज आपल्याच माणसानं टाकलं. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या परिषदेत ग्रंथालयाच्या व्यवहाराला गणित लावा असं सुचवलं. आता लायडनच्या संशोधकांचं 'व्हीओएस-व्ह्यूअर' किंवा चाओमेई चेन यांचं 'साइटस्पेस' घेतलं, हजारो पेपरांची माहिती त्यात ओतली, की पडद्यावर रंगीत वर्तुळांचा नकाशा उमटतो. जो शब्द जास्त वेळा आला त्याचं वर्तुळ मोठं. अमेरिका आणि चीनची वर्तुळं टरबुजाएवढी.

या नकाशातून गेल्या चाळीस वर्षांची गोष्ट चांगली वाचता येते. मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी एक्सायमर लेझरखाली धरला आणि आजूबाजूला न भाजता नेमका तेवढाच भाग छिलून निघाला. १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल यांनी हा लेझर डोळ्याच्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर, चालवता येईल असं दाखवलं. १९९० च्या सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावर इओआनिस पालिकारिस यांनी कॉर्नियाचा वरचा पापुद्रा बिजागरीच्या झाकणासारखा उचलायचा, खाली लेझर मारायचा आणि झाकण परत बसवायचं ही रीत बसवली. तेच लॅसिक.

गोम त्या झाकणात आहे. आपल्या कातडीपेक्षा कॉर्नियात मज्जातंतूंची दाटी कितीतरी जास्त. पापणी कधी मिटायची, अश्रू कधी पाझरायचे, हा निरोप तिथूनच मेंदूला जातो. झाकण कापताना त्या तारा तुटतात. बहुतेकांच्या सहा महिने ते वर्षात बऱ्यापैकी जुळून येतात आणि कोरडेपणाही ओसरतो. काहींच्या तारा वर्षानुवर्षं विरळच राहतात. २००१ मध्ये स्टीव्हन विल्सन यांनी मांडलं की, या त्रासाचं मूळ नुसत्या कमी झालेल्या अश्रूंत नाही, तर तुटलेल्या मज्जातंतूंत आहे. मग पेपरांची एक लाट आली झाकणाच्या बिजागरीवर, ती नाकाच्या बाजूला ठेवावी की वर. दुसरी लाट आली ब्लेडऐवजी फेम्टोसेकंद लेझरनं झाकण कापण्यावर. पुढे जर्मनीत वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लुम यांनी झाकणच काढून टाकलं. आतल्या आत लेझरनं चकती कोरायची आणि दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून ती बाहेर ओढायची. हे स्माइल. आपल्या देशात वडोदऱ्याच्या डॉ. रूपल शाह यांनी त्यावर सुरुवातीच्या काळातच काम करून २०११ मध्ये निष्कर्ष छापले. तेव्हापासून लॅसिक की स्माइल, या तुलनेच्या पेपरांना पूर आला.

यातून काही हाती लागलं नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. चीर लहान झाली, तारा कमी तुटू लागल्या, संवेदना लवकर परत येऊ लागली. पण कप्पे लावणाऱ्या माणसाच्या नजरेला एक गोष्ट खुपते. विषयाची प्रत्येक लाट नव्या यंत्रामागून उठलेली दिसते. यंत्र बाजारात आलं की पेपर येतात, पुढचं यंत्र आलं की मागचे प्रश्न अर्धवट सोडून मंडळी तिकडे वळतात. रुग्णाला काय होतं, तो घरी कसा राहतो, हे शब्द नकाशावर फार उशिरा आले आणि त्यांची वर्तुळं अजून हरभऱ्याएवढी आहेत. त्यात पदोन्नतीला पेपर मोजण्याची आपली पद्धत. मग पेपरांवरचे पेपर वाढतात, कारण एकाही रुग्णाच्या डोळ्यात न डोकावता ते लिहिता येतात. हे मी माझ्याच बिरादरीला सुनावतो आहे. रंगनाथन यांना मोजणी हवी होती ती वाचकाची सोय व्हावी म्हणून, मोजणाऱ्याची व्हावी म्हणून नव्हे.

या सगळ्या ढिगात एका अभ्यासापाशी मी थांबलो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेला आणि संरक्षण खात्याला बरोबर घेऊन केलेला 'प्राउल'. २०१७ मध्ये तो छापून आला. त्यात एका गटात नौदलाचे जवान, दुसऱ्यात सामान्य नागरिक. पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. ज्यांना आधी कोरडेपणाचा त्रास होता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा कमीही झाला. पण ज्यांना आधी काहीच त्रास नव्हता, त्यांच्यातल्या २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी डोळे कोरडे झाल्याचं नोंदवलं. खुश माणूसही त्रासात असू शकतो, हे आमच्या घरच्या पाच ताऱ्यांनी मला आधीच शिकवलं होतं.

त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. दिव्याभोवती वलय दिसणं, चकाकी, एकाचं दोन दिसणं, असल्या दृष्टीच्या तक्रारी लोकांनी डॉक्टरला जेवढ्या सांगितल्या त्याच्या दुपटीहून जास्त प्रश्नावलीच्या कागदावर लिहिल्या. आपल्याकडे हा फरक आणखी मोठा असेल असं माझं मत. ज्यानं चष्मा घालवला त्या डॉक्टरसमोर बसून "साहेब, खुपते" म्हणायचं म्हणजे आपल्या माणसाला उपकार विसरल्यासारखं वाटतं. तो म्हणतो, "बरं हाय."

आता आमच्या वऱ्हाडाकडे या. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात रुग्णालयात आलेल्या लोकांपैकी ३२ टक्क्यांचे डोळे कोरडे निघाले. त्यांनी कुठलीच लेझर केलेली असण्याची अट नव्हती. म्हणजे आपल्याकडे पुष्कळांचा डोळा शस्त्रक्रियेआधीच काठावर उभा असतो. कॉन्टॅक्ट लेन्स खुपायला लागली म्हणून लेझरकडे वळणाऱ्यांचा तर असतोच असतो. त्यात आमचा वैशाख. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे, खारपाणपट्ट्यातून येणारी झळ, उन्हाळवाहीची धूळ. अश्रूंचा थर म्हणजे भांड्यावरच्या सायीसारखा पातळ. या वाऱ्यात तो किती टिकणार?

कोरड्या डोळ्याची जी बारा प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात, तिच्यात एसीत बसल्यावर त्रास होतो का, असं विचारलेलं आहे. आमच्याकडे एसी बँकेत. घरात कूलर. एसी हवा कोरडी करतो, कूलर ती ओली करतो, पण झोत थेट तोंडावर मारतो आणि पाणी संपलं की निव्वळ भट्टी. मग कूलरपुढे झोपणाऱ्या लेझरवाल्या डोळ्याचं काय होतं? मी चाळलेल्या एकाही तक्त्यात हा रकाना दिसला नाही.

दुसरं उदाहरण देतो. अंजनगाव पानमळ्यांचं आणि पानपिंपळीचं गाव. मळे आता कमी झाले, पण आमच्या एका सोयऱ्यांनी अजून टिकवला आहे. शेवरी-पांगाऱ्यावर चढवलेले वेल, भोवती ताट्यांचा कूड, रोजचं पाणी. आत पाऊल टाकलं की बाहेरच्या भर दुपारी ओलसर गारवा अंगावर येतो. पहिल्या उन्हाळ्यात लेक तिथं गेली आणि अर्ध्या तासानं म्हणाली, "इथं डोये निवले." त्या दिवशी तिनं ड्रॉप्सची बाटली काढली नाही. एका माणसाचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला कळतं. पण एकाच गावात, दोन फर्लांगाच्या आत, कोरडी हवा आणि ओली हवा शेजारी शेजारी नांदतात. असा प्रयोगाचा पट कुणाला आयता मिळतो? कॉर्नियाच्या कामात हैदराबादच्या आणि बंगळुरूच्या संस्थांनी नाव काढलं आहे. पण वऱ्हाडातल्या उन्हाचा प्रश्न वऱ्हाडातल्याच कुणीतरी विचारायला हवा.

तोवर आमच्या माणसाचा फॉलो-अप होतो मेडिकलच्या काउंटरवर. ड्रॉप्स संपले की रिकामी बाटली दाखवून दुसरी. ज्या बाटलीत टिकाऊपणासाठी रसायन घातलेलं असतं, ती दिवसातून सहा-आठ वेळा महिनोन्‌महिने वापरली तर डोळ्याच्या पृष्ठभागालाच इजा होऊ शकते. तसं रसायन नसलेले ड्रॉप्स मिळतात, ते महाग. त्याहून वाईट म्हणजे लालीवर झटकन उतार पडावा म्हणून कुणीतरी स्टेरॉइडचे थेंब पुढे सरकवतं. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय ते चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. चष्मा घालवायला गेलेला माणूस नजर घालवून बसेल, आणि तक्त्यात तो हरवलेलाच राहील.

डॉक्टरांची बाजूही मला माहीत आहे. ओळखीच्या एका नेत्रतज्ज्ञांनी सरळ सांगितलं, "काका, आम्ही बोलावतो, लोक येत नाहीत. दिसायला लागलं की विसरतात." खरं आहे, आम्ही तेच केलं. पण जो येत नाही तो बरा आहे म्हणून येत नाही, की भाडं नाही म्हणून, की कंटाळून दुसरीकडे गेला म्हणून? हे न विचारता उरलेल्यांची सरासरी काढली, तर ती जवळ राहणाऱ्यांची, गाडी असणाऱ्यांची सरासरी होते. ग्रंथालयात परत न आलेलं पुस्तक आम्ही हरवलं म्हणून लगेच खोडत नव्हतो. आधी पोस्टकार्ड टाकायचो, मग शिपाई घरी पाठवायचो. निम्मी पुस्तकं तिथंच, फडताळात सापडायची.

म्हणून माझं मागणं लहान आहे. चष्म्याची लेझर करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयानं शस्त्रक्रियेआधी, तीन महिन्यांनी आणि वर्षानं एक पानी मराठी प्रश्नावली भरून घ्यावी. रुग्ण आला नाही तर फोनवर. विचारणारा माणूस शस्त्रक्रिया करणारा नसावा, म्हणजे भीड पडणार नाही. आधीच कोरडा असलेला डोळा ओळखून त्यावर आधी उपचार करावेत, लेझर थांबू शकते. संमतीपत्र मराठीत असावं आणि चार दिवस आधी घरी न्यायला मिळावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये लॅसिकच्या रुग्णासाठी धोके ओळीनं मांडणारी, वाचून सही करायची यादी मसुद्यात सुचवली, तर तिथल्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या संघटनांनी ती फार भीती घालणारी आहे म्हणून विरोध केला. भीती घालू नका, पण निदान वाचू तरी द्या. आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांना एक विनंती. किती रुग्ण परत आले नाहीत आणि त्यांच्यापर्यंत पोचायला काय केलं, हे तळटीपेत न दडवता पेपरच्या सारांशातच छापायला लावा.

केंद्र सरकारनं १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू केलं. तीन वर्षांत सहा हजार कोटी रुपये खर्चून तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं शासकीय शिक्षणसंस्थांना वाचायला मिळणार आहेत. उत्तमच. जगाचे पेपर आमच्या जिल्ह्यापर्यंत येतील. आमच्या जिल्ह्याची माणसं जगाच्या पेपरात जाण्यासाठी मात्र सहा हजार कोटी लागत नाहीत. एक कागद आणि एक फोन पुरतो.

तसा एक कागद मी स्वतःच करून पाहिला. आमच्या बोलीत, दहा प्रश्न. रातच्याले गाडीचा लाइट डोयावर आला तर तिरीप येते काय? कूलरपुढे बसलं की खुपते काय? दिवसातून किती डाव थेंब टाकता? मागच्या रविवारी लेकीपुढे ठेवला. तिनं तो दोनदा वाचला, चष्मा नसलेल्या डोळ्यांनी, मधे दोन वेळा पापण्या मिटून. दहापैकी सात प्रश्नांपुढे 'हो' लिहिलं. मला माहीत होते त्यातले तीन. तीन वर्षं एका घरात राहून मला बाकीचे चार कळले नव्हते. मी जरा रागानंच म्हणालो, "हे आधी काहून नाही बोलली?"

ती म्हणाली, "बाबा, इचारलं असतं तं सांगतलं असतं."